सॉल्टबुश जमिनीतलं मीठ खातं का?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. आधी घातलं तर पाणी सुटतं, वाडग्यात तळ साचतं आणि काकडीच्या फोडी मऊ पडतात. मीठ काकडीच्या बाहेर आहे, पाणी आत आहे, आणि पाणी नेहमी जिकडे क्षार जास्त तिकडे निघून जातं. यालाच शास्त्रीय भाषेत परासरण म्हणतात.

आता हीच गोष्ट जमिनीत घडते अशी कल्पना करा. मुळाभोवतीच्या ओलाव्यात मीठ वाढलं की रोपाची अवस्था त्या काकडीसारखी होते. जमीन ओली असते, पण ते पाणी मुळाला ओढून घेता येत नाही. शिवाय जे थोडं पाणी आत येतं त्याच्याबरोबर सोडियम आणि क्लोराइडही येतात आणि पेशींमधली यंत्रणा बिघडवतात. म्हणजे रोप एकाच वेळी तहानेनं आणि विषबाधेनं मरतं. क्षारपड रानात गहू-हरभऱ्याची पानं कडेनं करपलेली दिसतात ती यामुळेच.

अशा जमिनीत मजेत वाढणारं एक झुडूप ऑस्ट्रेलियात आहे. त्याचं नाव ओल्ड मॅन सॉल्टबुश, म्हणजे शब्दशः 'म्हातारबुवा खारझुडूप'. त्याच्या पानात इतकं मीठ असतं की पान चावलं तर जिभेला लगेच कळतं. साहजिकच त्याच्याबद्दल एक समज फार पटकन पसरतो: हे झुडूप जमिनीतलं मीठ खातं, तेव्हा ते लावलं की काही वर्षांत जमीन गोडी होईल. गावाकडे शेती असलेल्या आपल्यापैकी अनेकांना अशा अर्थाचे मेसेज आले असतील, आणि 'तिकडून बी पाठवता येईल का?' अशी विचारणाही झाली असेल.

या लेखात तो समज जरा उलगडून पाहू. झुडूप मीठ पानात साठवतं हे खरं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातले शेतकरी खारावलेल्या जमिनीवर ते मुद्दाम लावतात हेही खरं आहे. पण ते लावण्याचं कारण मीठ नसून पाणी आहे. हा फरक नीट कळला नाही तर पैसा आणि वर्षं दोन्ही वाया जाऊ शकतात.

आधी ओळख

शास्त्रीय नाव अ‍ॅट्रिप्लेक्स नुम्युलारिया. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी 1848 साली हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शोधमोहिमा काढणाऱ्या थॉमस मिचेल यांच्या प्रवासवृत्तांतात ते प्रसिद्ध झालं. नुम्युलारिया हा शब्द नाण्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेला. पानं बऱ्यापैकी गोलसर, जाडसर आणि चंदेरी-राखाडी असतात, त्यामुळे नाव शोभतं. झुडूप तीन मीटरपर्यंत उंच होतं, तेवढंच किंवा त्याहून जास्त पसरतं, आणि वर्षभर हिरवं, खरं तर राखाडी, राहतं. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशांत ते नैसर्गिकपणे वाढतं. तिथले आदिवासी समूह त्याचं बी भाजून, दळून भाकरीसारखा पदार्थ करत आले आहेत.

नाव परकं असलं तरी घराणं आपल्या ओळखीचं आहे. पालक, चाकवत, बीट आणि राजगिरा ही सगळी त्याच कुळातली मंडळी. चाकवताच्या कोवळ्या पानावर बोट फिरवलं की पांढरट पिठासारखं काहीतरी लागतं, आठवतंय? ते पीठ म्हणजे पानावरचे बारीक फुगे. सॉल्टबुशनं याच फुग्यांचा मोठा उपयोग करून घेतला आहे.

मिठाशी केलेला तह

खाऱ्या जमिनीत जगायचं तर वनस्पतीला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. बाहेरचं पाणी आत ओढायचं तर आतही भरपूर क्षार हवेत, नाहीतर काकडीसारखी गत होईल. पण तेच क्षार पेशीतल्या नाजूक यंत्रणेला लागता कामा नयेत. सॉल्टबुश हे तीन टप्प्यांत साधतं.

पहिला टप्पा मुळांचा. मुळाशी पोचलेल्या मिठापैकी बहुतेक मीठ मुळं बाहेरच ठेवतात. पाणी आत येतं आणि मीठ मागे राहतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरा टप्पा पेशीच्या आतला. थोडं मीठ तरीही आत येतंच. ते पेशीच्या मधोमध असलेल्या रिक्तिका नावाच्या कोठीत कोंडलं जातं. घरात रॉकेलचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर न ठेवता मागच्या खोलीत ठेवायचे, तसं. कोठीत मीठ भरलं की पेशीचा उरलेला भाग तुलनेनं 'फिका' पडतो आणि त्यातलं पाणी कोठीकडे ओढलं जाऊ लागतं. तो तोल सांभाळण्यासाठी झुडूप ग्लायसीन बीटेन नावाचं निरुपद्रवी द्रव्य पेशीत तयार करतं. या द्रव्याच्या नावातलं बीटेन बीटवरूनच आलं आहे, कारण ते आधी बीटमध्ये सापडलं होतं.

तिसरा टप्पा त्या फुग्यांचा. पानाच्या पृष्ठभागावर देठासारख्या एका छोट्या पेशीवर एक फुगलेली पेशी बसलेली असते. पानातलं मीठ देठातून या फुग्यात ढकललं जातं. फुगा भरतो, कालांतरानं वाळून चपटा होतो, आणि पानावर क्षारांचा चंदेरी थर तयार होतो. कोवळ्या पानांना या सोयीचा विशेष फायदा होतो, कारण त्यांच्या पेशींत मीठ कोंडायला अजून पुरेशी जागा झालेली नसते. वरून हा पांढरट थर ऊनही परावर्तित करतो. ओसाड माळावर ही झुडपं दुरून धुरकट चंदेरी दिसतात ती त्यामुळे.

थोडं मीठ हवंच

गंमत अशी की सॉल्टबुशला मीठ नुसतं चालतं असं नाही, ते थोडं लागतंही. कुंडीत वाढवून पाहिलं तर बिनमिठाच्या पाण्यापेक्षा थोड्या खारट पाण्यावर ते जास्त जोमानं वाढतं. मीठ समुद्राच्या पाण्याइतकं झालं तरी ते तग धरतं, मात्र वाढ बरीच मंदावते.

याच्याशी जोडलेला एक सुंदर शोध आहे. 1957 साली अ‍ॅडलेडमध्ये ब्राऊनेल आणि वूड या संशोधकांनी ओल्ड मॅनच्या एका भावाला, अ‍ॅट्रिप्लेक्स व्हेसिकेरियाला, पाण्यातून आणि भांड्यांतून येणारा सोडियमचा अंशसुद्धा काढून टाकून वाढवलं. रोपं पिवळी पडली आणि खुंटली. अगदी किंचित सोडियम दिल्यावर ती सावरली. सोडियम हे वनस्पतीला आवश्यक अन्नद्रव्य असू शकतं, हे त्यातून दिसलं. पुढे 1972 साली ब्राऊनेल आणि क्रॉसलँड यांनी दाखवलं की ही गरज अन्न बनवण्याची सी-4 नावाची पद्धत वापरणाऱ्या वनस्पतींमध्ये आढळते.

सी-4 म्हणजे काय ते दोन वाक्यांत. बहुतेक झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात जसा येईल तसा वापरतात. सी-4 झाडं आधी तो एका पेशीत पकडतात आणि मग दुसऱ्या, आतल्या पेशीत दाटीनं जमा करून तिथे साखर बनवतात. या अंतर्गत वाहतुकीतल्या एका टप्प्याला काही सी-4 झाडांत सोडियम लागतो. फायदा असा की पानाची छिद्रं कमी उघडूनही काम भागतं, म्हणजे तेवढ्याच साखरेसाठी पाणी कमी खर्च होतं. आपला ऊस, ज्वारी आणि मका हे सगळे सी-4 आहेत. दुष्काळी पट्ट्यात ज्वारी का टिकते आणि ओसाड माळावर सॉल्टबुश का टिकतं, या दोन प्रश्नांच्या उत्तराचा एक भाग समान आहे.

बियांचीही अशीच युक्ती आहे. या झुडपात सहसा नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि परागण वाऱ्यावर होतं. मादी झाडावर तयार झालेलं बी दोन छोट्या पानांच्या पाकिटात बंद असतं आणि त्या पाकिटात मीठ असतं. नुसता शिडकावा झाला तर मीठ तसंच राहतं आणि बी उगवत नाही. चांगला भिजपाऊस झाला की मीठ धुऊन जातं आणि बी जागं होतं. पाऊस रोप जगवण्याइतका झाला की नाही हे मोजण्याचं ते एक मापच म्हणायचं. खारट जमिनीत प्रौढ झुडूप आरामात राहतं, पण उगवतीच्या वेळी मात्र त्यालाही गोडं पाणी लागतं.

रेल्वेच्या इंजिनियरला दिसलेली गोष्ट

आता पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे वळू, कारण हे झुडूप 'औषध' म्हणून लावायची वेळ तिथेच आली. राज्याचा नैऋत्य भाग म्हणजे गव्हाचा पट्टा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण मे ते ऑक्टोबर, आणि उन्हाळा कोरडा जातो. समुद्रावरून येणारा पाऊस आपल्याबरोबर किंचित मीठ घेऊन येतो. एका वर्षाचं प्रमाण अगदी क्षुल्लक असतं. पण हा प्रदेश फार जुना आणि सपाट आहे, तिथे पाण्याचा निचरा संथ आहे, आणि हजारो वर्षं हे मीठ खोल जमिनीत साठत गेलं.

पूर्वी त्याचा त्रास नव्हता. निलगिरीच्या जातीची आणि इतर स्थानिक झाडं-झुडपं बारमाही होती, त्यांची मुळं खोल होती. पडलेला जवळजवळ सगळा पाऊस ती वापरून टाकत. खाली झिरपून भूजलाला मिळायला पाणी फारसं उरतच नसे. मीठ खोलवर पडून होतं.

मग युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी जंगल साफ केलं आणि गहू पेरला. गव्हाची मुळं उथळ, आणि तो शेतात असतो जेमतेम सहा महिने. उन्हाळ्यात रान रिकामं. आता दरवर्षी पावसाचा थोडासा भाग मुळांच्या हातून निसटून खाली जाऊ लागला. तो थोडाच असला तरी वर्षामागून वर्ष साठत गेला. भूजलाची पातळी वर येऊ लागली, आणि वर येताना तिनं वाटेतलं जुनं मीठ विरघळवून बरोबर आणलं. पातळी जमिनीखाली साधारण दोन मीटरच्या आत आली की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागाकडे चढतं. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

झाडतोड आणि खारं पाणी यांचा संबंध स्पष्टपणे मांडणाऱ्यांत डब्ल्यू. ई. वूड हे नाव महत्त्वाचं आहे. हे वर उल्लेखलेल्या वूड यांच्यापेक्षा वेगळे. हे रेल्वेत इंजिनियर होते. वाफेच्या इंजिनांना गोडं पाणी लागतं, खारट पाण्यानं बॉयलर खराब होतो. त्यामुळे रेल्वेच्या तळ्यांतलं पाणी आजूबाजूचं रान तोडल्यावर खारट होत जातं, हे त्यांच्या लक्षात आलं. 1924 साली त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. त्यानंतरही झाडतोड कित्येक दशकं चालूच राहिली. आज त्या भागात दहा लाख हेक्टरांहून जास्त शेतजमीन खारावलेली आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहा. मीठ पूर्वीही होतं आणि आताही आहे. बदललं ते पाणी. मूळ दुखणं पाण्याच्या हिशेबातलं आहे आणि मीठ हे त्याचं लक्षण आहे.

एक ढोबळ हिशेब

तरीही मनात येतं की झुडूप पानात मीठ साठवतं, तर पानं कापून नेली की मीठ जाईलच ना? आकडे मांडून पाहू.

मध्यम खारावलेल्या एक हेक्टर जमिनीचा वरचा एक मीटर थर घ्या. त्या मातीचं वजन सुमारे 14,000 टन होईल. त्यात मिठाचं प्रमाण वजनाच्या 0.3 टक्के आहे असं धरू. म्हणजे 42 टन मीठ.

आता त्या जमिनीवर सॉल्टबुश लावलं. खारट, कमी पावसाच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी एक टन वाळलेली पानं मिळाली तर उत्पन्न चांगलंच म्हणायचं. वाळलेल्या पानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा मीठ असतं असं धरलं, तर वर्षाला 200 किलो मीठ पानांत येईल. एकही पान खाली गळू न देता सगळी पानं कापून शेताबाहेर नेली, तर 42 टन काढायला 210 वर्षं लागतील. तीही खालून नवीन मीठ वर आलं नाही तर.

व्यवहारात मात्र पानं कुणी बाहेर नेत नाही. ती मेंढ्या खातात, आणि मेंढी मीठ पोटात साठवत नाही, तिथेच शेतात मुतते. जी पानं गळतात ती मीठ जमिनीच्या वरच्या थरातच परत देतात. त्यात मुळांचा पहिला टप्पा आठवा. मुळं पाणी घेतात आणि बहुतेक मीठ बाहेर सोडतात, म्हणून वर्षं जातील तसं झुडपाच्या मुळांभोवती मीठ कमी न होता वाढूही शकतं.

म्हणजे 'मीठ खाऊन जमीन गोडी करतं' हा समज हिशेबात बसत नाही.

मग शेतकरी ते का लावतात?

कारण ते पाणी पितं. गहू कापल्यावर रान उघडं पडतं तेव्हाही सॉल्टबुश हिरवं असतं आणि त्याची खोल मुळं उन्हाळाभर ओलावा ओढत राहतात. भूजलाची पातळी ऐन उन्हाळ्यात थोडी जरी खाली राहिली, तरी केशाकर्षणानं वर चढणारं मीठ कमी होतं. मग हिवाळ्याचा पाऊस वरच्या थरातलं मीठ थोडं खाली ढकलू शकतो. झुडपांच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात क्लोव्हरसारखा चारा किंवा गवत उगवायला तेवढं पुरेसं ठरू शकतं. ओळींमध्ये रुंद अंतर ठेवून झुडपं लावायची पद्धत याच हिशेबातून आली आहे.

याच्या मर्यादाही आहेत. एका शेतातल्या झुडपांनी आख्ख्या खोऱ्याचं भूजल खाली जात नाही, कारण पाणी वरच्या बाजूच्या शेतांतूनही झिरपत येतं. आणि ओल्ड मॅन सॉल्टबुशला मीठ चालतं, पण मुळाशी साचून राहिलेलं पाणी मानवत नाही. जिथे खार आणि पाणथळ दोन्ही आहे तिथे ते नीट वाढत नाही. अशा जागी त्याचा दुसरा भाऊ, रिव्हर सॉल्टबुश, जास्त बरा चालतो.

दुसरं कारण मेंढ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत हिरवा चारा नसतो आणि शेतकऱ्याला विकतचं धान्य खाऊ घालावं लागतं. नेमक्या त्या महिन्यांत सॉल्टबुश हिरवं असतं. त्यात प्रथिनं चांगली असतात आणि ई जीवनसत्त्वही भरपूर असतं. कोरड्या काडावर राहिलेल्या मेंढ्यांना ई जीवनसत्त्वाच्या अभावानं स्नायूंचा आजार होऊ शकतो, तो या पाल्यानं टळतो.

पण नुसत्या सॉल्टबुशवर मेंढी पोसता येत नाही. त्यातून मिळणारी ऊर्जा कमी असते, आणि मिठामुळे मेंढी एका मर्यादेपलीकडे ते खाऊच शकत नाही. तिला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पिण्याचं पाणी लागतं, आणि ते गोडं असावं लागतं. जोडीला वाळका चारा किंवा धान्य द्यावंच लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सॉल्टबुश हे ताटातलं लोणचं-भाजी आहे, भाकरी वेगळी लागते.

यावरही काम झालं आहे. सगळी झुडपं मेंढ्यांना सारखी आवडत नाहीत. एकाच शेतात एक झुडूप पार ओरबाडलेलं आणि शेजारचं जवळजवळ तसंच, असं दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या 27 ठिकाणांहून बी गोळा करून झुडपं वाढवली आणि निवडीत मेंढ्यांची पसंतीही मोजली. ज्या झुडपांची पानं त्या आवडीनं खातात आणि ज्यांची पचनीयता जास्त आहे, ती निवडून 'अ‍ॅनामेका' नावाचा वाण तयार झाला. तो बियांऐवजी कलमांपासून वाढवतात, म्हणजे निवडलेले गुण तसेच उतरतात. निवड समितीत मेंढ्यांना बसवण्याची ही कल्पना मला फार आवडते.

आपल्याकडे लावावं का?

आता 'बी पाठवता येईल का' या प्रश्नाकडे येऊ. आधी एक साधी गोष्ट: कुठल्याही देशातून बी पाकिटात घालून पाठवणं कायद्यानं चालत नाही, त्यासाठी परवानगी आणि तपासणी लागते. आणि परकी वनस्पती नव्या जागी तण होऊ शकते, हे घाणेरी आणि गाजरगवत पाहिलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की गावाकडच्या जमिनीचं दुखणं मुळात तेच आहे का?

सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात जमीन खारावते ती मुख्यतः जास्त पाण्यानं आणि अपुऱ्या निचऱ्यानं. पुन्हा एक हिशेब करू. जिभेला गोडं लागणाऱ्या पाण्यातही लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असू शकतात. उसाला वर्षात दोन मीटर पाणी दिलं तर ते हेक्टरी 2 कोटी लिटर होतं. म्हणजे वर्षाला 10 टन क्षार आपणच शेतात आणून टाकले. निचरा असेल तर यातले बरेचसे धुऊन जातात. काळ्या चिकण मातीत तो नसेल तर जमीन आधी चिबड होते आणि मग क्षार फुटतात. 10 टनांसमोर सॉल्टबुशचे 200 किलो ठेवून पाहा. त्यात चिबड जमिनीत ते झुडूप नीट वाढणारच नाही. तिथे उपाय आहे तो निचऱ्याचा: चर काढणं, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढणं, आणि मुळात पाणी बेतानं, शक्यतो ठिबकनं देणं. शिरोळ भागात जमिनीखालच्या निचऱ्याची कामं मोठ्या प्रमाणावर झाली आहेत. घरच्यांना काही पाठवायचंच असेल तर ती पाहून येण्याचा सल्ला पाठवा.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे वेगळं प्रकरण आहे. तिथलं भूजलच खारं आहे आणि जमिनीत ठिकठिकाणी सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला आहे. अशी चोपण जमीन पावसात चिकट लगदा होते आणि वाळली की दगडासारखी घट्ट. ती सुधारायला जिप्समसारखं कॅल्शियम देणारं द्रव्य लागतं. कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. सॉल्टबुश हे काम करत नाही.

म्हणून पहिलं पाऊल माती परीक्षण. अहवालात तीन आकडे पाहायला सांगा: विद्युत वाहकता म्हणजे एकूण क्षार किती, सामू म्हणजे जमीन आम्लधर्मी की अल्कधर्मी, आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण. त्यासोबत पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीची पातळी जमिनीपासून किती खाली असते ते मोजायला सांगा. क्षार जास्त आणि पाणी जवळ असेल तर निचरा. सोडियम जास्त असेल तर जिप्सम, आणि त्याच्या जोडीला निचरा. सॉल्टबुशसारख्या झुडपाचा विचार करायचा तो यानंतर. पीक घ्यायची आशा सोडलेला, कोरडा, पाणी न साचणारा खारट तुकडा असेल, शेळ्या-मेंढ्या असतील आणि त्यांना प्यायला गोडं पाणी असेल, तर चाऱ्यासाठी त्याला अर्थ आहे. अशा वेळी स्थानिक कृषी विद्यापीठाला किंवा कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेला विचारावं. खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे आणि रोपं कायदेशीर मार्गानं कुठे मिळतील तेही तिथे कळू शकेल.